तणनाशकाची वेळ हुकली, आता काय?

प्रश्न : सोयाबीन पेरून पंचवीस दिवस झाले. झडीमुळे कोळपणी (ओळींमधले तण काढणे) राहिली आणि केना, शिप्पी ही तणे वीतभर वाढली. दुकानदार इमॅझेथापायर या तणनाशकाची मात्रा दुप्पट करण्यास सांगतात. नंतर त्याच रानात कांदा घ्यायचा आहे. काय करावे?
— एक शेतकरी, ता. निफाड, जि. नाशिक

उत्तर : दुप्पट मात्रा मुळीच देऊ नये. इमॅझेथापायर १० टक्के हे एकरी ४०० मिली, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत, तणे दोन ते चार पानांवर आणि जमिनीत ओल असताना फवारायचे असते; वीतभर वाढलेले तण त्याने पिवळे पडून खुरटते, पण बऱ्याचदा पुन्हा फुटते, आणि वाढीव मात्रेचा अंश मात्र जमिनीत राहून मागाहून लावलेल्या कांद्याला भोवू शकतो. त्यामुळे वापसा येताच, म्हणजे जमीन मशागतीजोगी सुकताच, पीक फुलोऱ्यात येण्याआधी, कोळपे चालवावे व ओळीतले तण खुरपून घ्यावे. मजुरी महाग पडते हे खरे, तरी कांद्याचे रोप वाया जाण्यापेक्षा ती परवडते. उपटलेला केना सरीत टाकू नये; ओल मिळाली की त्याच्या कांड्यांना पुन्हा मुळे फुटतात. पुढच्या हंगामात पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, उगवणीपूर्वी, ओलसर जमिनीवर पेंडीमेथालीन हे तणनाशक फवारावे.