वाचक विचारतात: सॅन्स सेरिफ फॉन्टच्या तक्रारी

प्रश्न: रोमन लिपीचा सॅन्स सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना बारीक रेघोट्या नसलेला, फॉन्ट काढतो आहे. सगळी कॅपिटल अक्षरे 700 युनिट (फॉन्ट आखण्याचे माप) उंच आहेत, तरी 'एच'शेजारी 'ओ' बुटका दिसतो. सगळ्या रेषा 80 युनिट जाड ठेवल्या, तर आडव्या जास्तच ठसठशीत वाटतात.

उत्तर: मोजमाप बरोबर आहे, पण डोळा पट्टी घेऊन बसत नाही. गोल अक्षर बेसलाइनला, म्हणजे अक्षरे ज्या रेषेवर उभी असतात तिला, जेमतेम टेकते, म्हणून ठेंगणे भासते. 'ओ' खाली आणि वर दहा-बारा युनिट बाहेर काढा. 'सी', 'जी', 'एस' आणि 'यू'चा तळ यांनाही तेच लागू. उभी रेषा 80 असेल तर आडवी 70च्या आसपास आणा. स्मॉल 'एन', 'एम'ची कमान खांबाला मिळते तिथे ती आणखी निमुळती करा; नाहीतर छोट्या आकारात त्या सांध्यात काळा डाग साचतो, बोल्डमध्ये तर हमखास. कंपासने काढल्यासारखा वाटणारा 1927चा फ्यूचरा हा फॉन्टसुद्धा या दुरुस्त्यांतून सुटलेला नाही.

कर्निंगला, म्हणजे ठरावीक दोन अक्षरांच्या जोडीतले अंतर कमी-जास्त करण्याला, मात्र इतक्यात हात लावू नका. आधी 'एच एच ओ एच ओ ओ' अशी ओळ लावून दोन्ही अक्षरांच्या बाजूंची मोकळी जागा ठरवा. 'ओ'ला 'एच'च्या निम्म्याहून थोडी जास्त देऊन सुरुवात करा आणि ओळ एकसारखी करडी दिसेपर्यंत बदलत राहा. हे न करता कर्निंगच्या शेकडो जोड्या भरणे म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी ओतणे.

प्रश्न: हेल्व्हेटिका या सॅन्स सेरिफ फॉन्टमध्ये अहवाल केला. तक्त्यातले आकडे एकाखाली एक येत नाहीत, आणि सांकेतिक क्रमांक वाचताना लोक चुकतात.

उत्तर: आकड्यांचे दुखणे किरकोळ आहे. फॉन्टमध्ये टॅब्युलर आकड्यांची सोय असेल तर ती चालू करा. सगळ्या आकड्यांची रुंदी सारखी होते. नसेल तर तक्त्यापुरता दुसरा फॉन्ट घ्या. क्रमांकांचे तसे नाही. 1957च्या या स्विस टाइपात कॅपिटल 'आय' आणि स्मॉल 'एल' दोन्ही नुसत्या उभ्या काठ्या, आणि 'सी', 'ई'ची तोंडे जवळजवळ मिटलेली. मोठ्या शीर्षकात हे देखणे दिसते, बारीक मजकुरात 'सी'चा 'ओ' होतो. अक्षररचनाकार ॲड्रियन फ्रुटिगर यांनी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळाच्या पाट्यांसाठी केलेल्या अक्षरांत ही तोंडे उघडी आहेत, ती लांबूनही वाचता यावीत म्हणून. क्रमांकांसाठी 'एल'ला शेपूट आणि शून्याला तिरकी रेघ असलेला फॉन्ट निवडा.

प्रश्न: मराठी शीर्षकात अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते.

उत्तर: तुटणारच. देवनागरीत ते अंतर शून्य ठेवा आणि ऐसपैसपणा हवा असेल तर शब्दांमधली जागा वाढवा. ओळींचे अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपट तरी असू द्या, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडायला विसरू नका. हिंदी राहिली तर कित्येक फॉन्ट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दाखवतात.