इंजिनिअरिंगमधले पर्यावरण आणि नैतिकतेचे पेपर पुढे कधी उपयोगी पडतात का?

तुम्ही सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहात. हे दोन्ही पेपर आदल्या रात्री पाठ करून सुटतात, मग ते ठेवलेत कशाला आणि शेवटच्या वर्षी ‘शाश्वत’ म्हणावा असा प्रोजेक्ट कोणता घ्यावा, असं विचारलंय. मी सांगलीत पंधरा वर्षं साइटवर काम करतोय, त्यावरून सांगतो.

पाठ करून सुटतात हे खरंच आहे. पण नैतिकता त्या पेपरात शिकवलीच जात नाही. ती काँक्रीट लॅबमध्ये शिकवली जाते आणि बऱ्याचदा उलटी.

आमच्या बॅचने एम-२० चे, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीच्या काँक्रीटचे, क्यूब भरले होते. १५० मिलिमीटरचा ठोकळा, २८ दिवस पाण्यात. त्याने निदान ४५० किलोन्यूटन भार घ्यायला हवा. मशिनचा काटा ३९५ ला थांबला, ठोकळ्याच्या कडेचा कपचा उडाला आणि काटा मागे फिरला. म्हणजे वीसच्या जागी ताकद साडेसतरा. मग ग्रुपमधला एक जण म्हणाला, "सेट करू." मागच्या बॅचच्या जर्नलवरून आकडे उतरवले, सही मिळाली, सबमिशन आटोपलं. फुटलेल्या ठोकळ्यात पोकळ्या स्पष्ट दिसत होत्या, रॉडने आम्ही तो नीट ठासलाच नव्हता. शिकायचं ते समोर पडलं होतं आणि आम्ही ते झाडून टाकलं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बंगल्याच्या स्लॅबचे क्यूब कमी आले. ठेकेदार म्हणाला, "साहेब, आकडा बसवून घ्या की." मला धक्का बसला नाही, याची आजही लाज वाटते. हाताला ती सवय लॅबमध्येच लागली होती. सही केली नाही, पण ती रात्र झोप लागली नाही. शेवटी स्लॅबमधून काँक्रीटचे गोल नमुने (कोअर) कापून तपासले आणि दोन खोल्यांवरचा स्लॅब फोडावा लागला.

तो राडारोडा ट्रॉलीत भरताना मला दुसरा पेपर कळला. एक टन सिमेंट बनताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्यातला मोठा वाटा भट्टीच्या इंधनाचा नसतो, तो भाजलेल्या चुनखडीतूनच सुटतो. साठ वर्षं टिकायची इमारत पंचविसाव्या वर्षी पाडली की तेवढंच सिमेंट आणि डोंगर फोडून काढलेली तेवढीच खडी पुन्हा लागते. गच्चीवर सोलर बसवून ते भरून येत नाही. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएच्या बारा मुद्द्यांच्या यादीत शाश्वतता सातवी आणि नैतिकता आठवी होती. साइटवर मला त्या दोन वेगळ्या कधी दिसल्या नाहीत.

आता प्रोजेक्ट. आपल्याकडे कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन पूररेषा असतात: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. हे नकाशे अभ्यासक्रमात मी कधी पाहिले नाहीत, आणि पास झाल्यावर पहिलं काम हाती येतं ते नेमकं त्याच रेषांच्या आतल्या प्लॉटचं. मालक काकुळतीला येऊन म्हणतो, आयुष्यभराची कमाई घातलीय, तुम्ही फक्त प्लॅन काढा. तेव्हा काय बोलायचं हे कुठल्याच गाइडमध्ये नाही.

म्हणून सांगलीच्या गावभागातली वीस-पंचवीस घरं घ्या. घरमालकांना विचारून २०१९ च्या पाण्याची खूण जोत्यापासून टेपने मोजा, भिंत विटांची की मातीची, पुरानंतर काय खचलं आणि दुरुस्तीला काय लागलं ते लिहा, आणि घराची जागा पूररेषेच्या नकाशावर लावून बघा. आजीबाई असतील तर २००५ ची खूणही त्याच दाखवतील, त्यांना ती बोटावर आठवते. एखादं माप तुमच्या हिशेबात बसलं नाही तर ते तसंच लिहा आणि शेजारी कारण शोधा. या सेमिस्टरला क्यूब कमी भारावर फुटला तरी जर्नलमध्ये तोच आकडा लिहा. सरांनी विचारलं तर फुटलेला ठोकळा टेबलावर ठेवा.