ज्युरी नाही, मग भारतात शिक्षा ठरवतं कोण?

तुम्ही विचारलंय की परदेशात बारा सामान्य माणसं बसून आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवतात, मग आपल्याकडे सगळं एका न्यायाधीशाच्या मर्जीवर का सोडलंय? मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. जे रोज बघतो त्यावरून सांगतो.

आधी ज्युरीचं आटपून टाकू. ती आपल्याकडे होती, पण सरसकट कधीच नव्हती. 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार ज्या जिल्ह्यात आणि ज्या गुन्ह्यांसाठी सरकार हुकूम काढेल, तिथंच ती बसायची. नानावटी खटला सगळ्यांना ठाऊक असतो. 1959 मध्ये मुंबईच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं नौदलातले कमांडर नानावटी यांना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथं जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. या एका खटल्यानं ज्युरी बुडवली असं लोक सांगतात, ते फार तर अर्धं खरं. विधी आयोगानं 1958 मध्येच ती बंद करा म्हणून लिहून दिलं होतं, आणि ती पुरती गेली 1973ची संहिता 1 एप्रिल 1974 पासून लागू झाल्यावर.

मला तिचं फारसं दुःख नाही. ज्युरी ‘दोषी’ म्हणते आणि उठून जाते, का म्हणाली ते विचारायची सोय नाही. आपल्या न्यायाधीशाला मुद्दे काढून प्रत्येकावर कारण लिहावं लागतं. अमुक साक्षीदारावर विश्वास का ठेवला, जप्तीच्या पंचनाम्यातली तफावत का सोडून दिली, हे निकालपत्रात नसेल तर आम्ही अपिलात तेच धरून बसतो. त्यामुळे दोषी ठरवण्याच्या बाबतीत ‘मर्जी’ हा शब्द मला मान्य नाही.

शिक्षेच्या बाबतीत मात्र तुमची शंका रास्त आहे. (तिकडेही शिक्षा बहुतेक वेळा न्यायाधीशच ठरवतो, बरं का.) खुनाला जन्मठेप किंवा फाशी, मधलं काही नाही. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत. पॉक्सोसारख्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या) कायद्यांत किमान शिक्षाच ठरलेली, तिच्याखाली जाता येत नाही. पण वरच्या आणि खालच्या टोकांमध्ये नेमकं कुठं थांबायचं, याची इंग्लंडसारखी छापील मार्गदर्शिका आपल्याकडे नाही.

त्यासाठीच कायद्यानं शिक्षेवर वेगळी सुनावणी ठेवली आहे. पूर्वी ती 1973च्या संहितेच्या कलम 235(2) खाली व्हायची, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 258 खाली होते. प्रत्यक्षात? वर्षानुवर्षं पेशी (सुनावणीची तारीख) वाढत वाढत चाललेला खटला, निकालाचा दिवस, घरचे मागच्या बाकावर. साहेब विचारतात, शिक्षेबद्दल काही सांगायचंय? आम्ही उठतो आणि ठरलेलं म्हणतो: पहिलाच गुन्हा आहे, वय कमी आहे, घरात एकटाच कमावता आहे. सरकारी वकील म्हणतात, गुन्हा गंभीर आहे, कडक शिक्षा व्हावी. झालं. पुष्कळदा त्याच दिवशी, जेवणाच्या सुटीनंतर, शिक्षा.

या घाईबद्दल सर्वोच्च न्यायालय बोललं ते आमच्या इंदूरच्याच खटल्यात. 2011 मध्ये इथं लुटीसाठी एका मराठी घरातल्या तीन पिढ्यांतल्या तिघींचा खून झाला. सत्र न्यायालयानं तिघा आरोपींना फाशी दिली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवून फाशीऐवजी किमान 25 वर्षांची जन्मठेप दिली. आमच्या घरीच त्यावर कडाक्याचा वाद झाला, आणि चिडणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्याच निकालात न्यायालयानं सांगितलं की जिथं फाशी होऊ शकते तिथं आरोपीची मानसिक तपासणी, घरची परिस्थिती, शिक्षण, तुरुंगातली वागणूक ही माहिती खालच्या कोर्टातच गोळा झाली पाहिजे. 1980च्या बच्चन सिंग निकालानं ‘दुर्मिळातलं दुर्मिळ’ ही कसोटी घालून दिली खरी, पण हातात माहितीच नसेल तर ती लावायची कशावर?

दुसरं प्रकरणही इंदूरचंच, 2018चं, राजवाड्याजवळच्या तान्ह्या मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाचं. गुन्हा एप्रिलमध्ये, फाशी मेमध्ये. जलद न्याय म्हणून तेव्हा फार कौतुक झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला आणि खटला नव्यानं चालवायला सांगितलं, कारण बचावाला पुरेशी संधीच मिळाली नव्हती. म्हणजे मुलीच्या आईवडिलांसाठीही सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाचा खटला चालू असेल, तर निकालाच्या दिवसाची वाट पाहू नका. शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद, घरात कोण कुणावर अवलंबून आहे त्याचे पुरावे, तुरुंगात काही शिकला किंवा काम केलं असेल तर त्याची नोंद, हे सगळं आधीच वकिलाकडे द्या. आणि दोषी ठरल्यावर शिक्षेच्या सुनावणीसाठी वेगळी तारीख मागायला सांगा. ती मागता येते, आणि गंभीर गुन्ह्यात मागावीच.