‘ब’ संघ घ्या, पण आधी ‘अ’ची यादी मागा

सांगली-मिरजेकडच्या लहान क्लबांसाठी फुटबॉल चषक भरवायचाय, त्यात मोठ्या क्लबांचे ‘ब’ संघ (मुख्य ‘अ’ संघामागचे राखीव संघ) घ्यावेत का, आणि बाद पद्धत बरी की साखळी, असं तुम्ही विचारलंय. साखळीचं आधी उरकतो.

12 संघांची थेट बाद स्पर्धा 11 सामन्यांत संपते. पण चौघांना बाय (न खेळताच पुढची फेरी) द्यावा लागतो आणि निदान चार संघ एकच सामना खेळून घरी. तासगाव-विट्याहून गाडी करून आलेली पोरं तासाभरात परत गेली की पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत. त्यापेक्षा तीन-तीन संघांचे चार गट करा. गटांचे 12, उपांत्य 2, अंतिम 1, म्हणजे 15 सामने. एका मैदानावर आठवड्यातून एकच दिवस आणि दिवसाला दोन धरले तर आठ आठवडे. वार मात्र विचारून ठरवा, कुपवाडला कामाला जाणाऱ्या सगळ्यांची सुट्टी रविवारीच असेल असं नाही.

आता ‘ब’ संघ. घ्या, नाहीतर संघ पुरणार नाहीत. पण ‘अ’ आणि ‘ब’ एकाच स्पर्धेत नकोत. 1980 साली स्पेनच्या कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदसमोर त्यांचाच राखीव संघ कास्तिया उभा राहिला आणि 6-1 ने हरला. पुढे त्या स्पर्धेत राखीव संघांना बंदीच आली. इंग्लंडमध्ये उलटं झालं. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या 48 क्लबांच्या ईएफएल ट्रॉफीत 2016-17 पासून बड्या क्लबांचे 16 युवा संघ घेतले. लहान क्लबांचे चाहते चिडले, सामन्यांवर बहिष्कारही टाकले. पण त्यांची मांडणी उचलण्यासारखी आहे: चारच्या प्रत्येक गटात युवा संघ एकच. तुम्हीही गटात एकच ‘ब’ ठेवा, म्हणजे 12 पैकी चार.

खरी भानगड वेगळीच. एका स्पर्धेच्या संयोजनात मी होतो. नियमावलीत नुसतं ‘ब संघ’ एवढंच लिहिलेलं. अंतिम सामन्याला ‘ब’च्या जर्सीत ‘अ’चा स्ट्रायकर उतरला, दोन गोल मारून गेला. समोरच्या पोरांनी उपविजेतेपदाचा करंडक टेबलावर तसाच ठेवला. आम्ही काय बोलणार? अडवायला नियमच नव्हता.

म्हणून लॉट्स पाडण्याआधी प्रत्येक मोठ्या क्लबाकडून ‘अ’च्या 14 खेळाडूंची सहीनिशी यादी घ्या. त्यातला एकही इथे खेळणार नाही. वयाची अट घालू नका; आपल्याकडे ‘ब’मध्ये सतरा वर्षांचा पोरगा असतो तसा पस्तिशीचा जुना बॅकही असतो, आणि पोरं त्याच्याकडूनच शिकतात. लहान क्लबांनाही तोच न्याय: अंतिम सामन्याला कोल्हापूरहून उसना आणलेला खेळाडू चालणार नाही, नोंदणी पहिल्या सामन्याआधीच बंद. कोल्हापूरची पोरं वाईट नाहीत हो, पण मग चषक कुणाचा?

दोन बारीक गोष्टी. गटात बरोबरी झाली तर लगेच टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी शूटआउट. ईएफएल ट्रॉफीत तो जिंकणाऱ्याला 2 आणि हरणाऱ्याला 1 गुण मिळतो. म्हणजे प्रत्येक सामन्यात कुणीतरी हरतंच. पहिल्या सामन्यात हरलेल्यालाच तिसऱ्या संघाशी आधी खेळवा, म्हणजे शेवटचा सामना सहसा नावापुरता उरत नाही.

आणि बदललेला खेळाडू परत आत घ्यायची मुभा ठेवा. या पातळीवर खेळाचे नियम ती देतात, आणि अकराच्या वर जेमतेम दोघं घेऊन येणाऱ्या क्लबाला एप्रिलच्या उन्हात तेवढाच आधार.