८ जानेवारीलाच का बसते ही बाई लिहायला?

प्रश्न : इसाबेल अलेंदे दरवर्षी एकाच तारखेला नवं पुस्तक सुरू करते म्हणे, खरंय का? आणि अमेरिकेत राहून लिहिते कुठल्या भाषेत?

उत्तर : अगदी खरंय. मूळची चिलीची, पण जन्म पेरूमधल्या लिमाचा, १९४२ चा. राष्ट्राध्यक्ष साल्वादोर अलेंदे हे तिच्या वडिलांचे चुलतभाऊ, त्यामुळे १९७३ ला लष्करानं सत्ता बळकावली तेव्हा हिच्याही मागे झेंगट लागलंच, आणि १९७५ ला चिली सोडून व्हेनेझुएला गाठावं लागलं. चिलीत पत्रकार म्हणून नाव होतं, इथे मात्र शाळेत नोकरी. मग १९८१ च्या ८ जानेवारीला कळलं की तिकडे शंभरीला टेकलेले आजोबा शेवटच्या घटका मोजतायत, जाणं तर शक्यच नव्हतं, म्हणून तिनं पत्र लिहायला घेतलं. दिवसा नोकरी, रात्री स्वयंपाकघरात टाइपरायटर, असं करत पत्राची पाचेकशे पानं झाली की हो! तीच तिची पहिली कादंबरी, ‘द हाउस ऑफ द स्पिरिट्स’, १९८२ ची. तेव्हापासून ती तारीख धरून ठेवलीय, थोडी अंधश्रद्धा, थोडी शिस्त (मला तर शिस्तच जास्त वाटते).

पुढे लग्न करून कॅलिफोर्नियात गेली, १९९३ ला अमेरिकन नागरिक झाली, इंग्रजी फाडफाड बोलते, पण कादंबरी स्पॅनिशमध्येच. सुरुवात करायची तर ‘पाउला’ घ्या, १९९२ मध्ये गेलेल्या लेकीवरचं आहे, रुमाल जवळ ठेवा.