बुधवारी दार कोण उघडणार?

पोरी,

तुझं पत्र मध्यरात्रीनंतर लिहिलेलं आहे, हे तू न सांगताही कळतं. शेवटच्या पानावर अक्षर पार ओघळलंय.

समाजकेंद्र चालवणाऱ्या नऊ जणांचे तीन झाले, वार्षिक सभेत गणपूर्तीसाठी अर्धा तास ताटकळावं लागलं, हिशेब तुझ्याकडे, किल्ल्या तुझ्याकडे, हॉलचं बुकिंगही तुझ्याच फोनवर. हे सगळं मी शांतपणे वाचत गेले, कारण यातलं मला काहीच नवीन नाही. पण मधेच एक ओळ आली: ‘मी आजारी पडले तर बुधवारी दार कोण उघडणार?’ तिथे मी थांबले, चष्मा काढून ठेवला. हा प्रश्न मीही एकेकाळी स्वतःला विचारायचे. आणि खरं सांगते, त्यात काळजीपेक्षा अभिमान जास्त असायचा.

तू मला विचारलंयस ते वेगळंच. लोकांत तळमळ उरली नाही, ती कशी आणायची? हा प्रश्न सोडून दे. केंद्र का टिकलं पाहिजे हे मी तुला सांगत बसणार नाही, आणि तूही लोकांना सांगत बसू नकोस. ज्यांची मुलं तिथे अभ्यासाला बसतात, ज्यांच्या आईला आठवड्यातून दोन तास बोलायला माणसं मिळतात, त्यांना ते चांगलं माहीत आहे. मग ते पुढे का येत नाहीत? कारण त्यांनी तुला पाहिलंय. ‘हो’ म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं, ते त्यांना रोज दिसतं. तू फक्त वाचनालयाची कपाटं लावायला आली होतीस ना? आज पाण्याच्या पंपापासून इमारतीच्या विम्यापर्यंत सगळं तुझ्या गळ्यात आहे. आत शिरायला दार आहे आणि बाहेर पडायला नाही, अशा घरात शहाणा माणूस पाऊल टाकेल का?

म्हणून माझं सांगणं एकच आहे आणि तू कंटाळलीस तरी पत्रभर तेच सांगणार आहे. काम सोपवताना ते कधी संपणार हे आधी सांग. तारीख लाव.

‘थोडी मदत कराल का’ असं विचारू नकोस. असं विचार: बुधवारी संध्याकाळी सहाला दार उघडायचं, आठला दिवे-पंखे बंद करून कुलूप लावायचं, जूनच्या पहिल्या बुधवारपासून ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारपर्यंत, मग किल्ली परत. मोघम विनंतीला मोघम उत्तर येतं: बघतो, कळवतो. नेमकं विचारलं की हो किंवा नाही यातलं एक काहीतरी पदरात पडतं, आणि नाही आलं तरी वाट पाहण्यातला तुझा आठवडा वाचतो.

हे शहाणपण मला कुठून आलं ते सांगते. त्यात माझी शोभा नाही.

आमच्याकडे एक खजिनदार होते. त्यांना मी म्हटलं होतं, दोनच महिने सांभाळा, दुसरा माणूस मिळेपर्यंत. दुसरा माणूस मी शोधलाच नाही. कशाला शोधेन? हिशेब चोख होते, पावत्या वेळेवर जात होत्या. ते दोन महिने नऊ वर्षं चालले. मधे त्यांच्या घरी मोठं आजारपण झालं, तेव्हाही वर्षाखेरचा ताळेबंद मी त्यांच्याकडूनच करून घेतला. ‘तुमच्याशिवाय कोण’ असं म्हणून. मग एका सकाळी केंद्राच्या दाराच्या कडीला प्लास्टिकची पिशवी अडकवलेली सापडली. आत पावतीपुस्तकं, पासबुक, चेकबुक, शिक्का. चिठ्ठी नाही. फोन केला तर उचलेनात.

कार्यकारिणीच्या सभेत मी म्हटलं, असं वाऱ्यावर सोडून जाणं बेजबाबदारपणाचं आहे. ते वाक्य इतिवृत्तात यावं असा हट्ट धरला, आणि ते आलं. पाच आठवड्यांनी कळलं की इमारतीच्या विम्याची मुदत उलटून गेलीय, कारण नूतनीकरणाची तारीख फक्त त्यांच्या डोक्यात होती. तेव्हा तर मी आणखीच बोलले. आज दिसतं ते असं की मी त्यांना बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती. पिशवी अडकवायला कडी तेवढी होती. मी त्यांच्या घरी कधी गेले नाही. आता जाऊन उपयोग नाही, ते राहिले नाहीत. इतिवृत्तातलं वाक्य मात्र आहे तिथे आहे.

तर, तारीख.

प्राचीन अथेन्समध्ये कारभार पाहणारी पाचशे जणांची सभा चिठ्ठ्या टाकून निवडत. मुदत एक वर्षाची, आणि आयुष्यात दोनदाच तिथे बसता येई. खजिना आणि दप्तर ज्या देवळांत असे त्यांच्या किल्ल्या आणि राज्याची मोहोर ज्याच्या हाती असे, त्याची मुदत किती? एक दिवस आणि एक रात्र. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, आणि पहिल्याला ती पाळी पुन्हा कधीच नाही. त्या चिठ्ठ्यांत बायकांना आणि गुलामांना जागा नव्हती, तेव्हा त्या लोकांचे फार गोडवे मी गाणार नाही. पण किल्ली माणसाला किती लवकर चिकटते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळलं होतं.

तू मोठ्या कौतुकानं लिहिलंयस की तुमच्यात पदंबिदं नाहीत, सगळे सारखे. मग सही कोण करतं? तू. कोणाला हॉल द्यायचा ते कोण ठरवतं? तू. म्हणजे पद आहेच, फक्त त्याला नाव नाही. आणि नाव नाही म्हणून मुदतही नाही. जो फ्रीमन नावाच्या अमेरिकन स्त्रीवादी कार्यकर्तीनं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे लिहून ठेवलंय. उघड रचना नसलेल्या गटात छुपी रचना तयार होतेच, आणि छुप्या सत्तेला कुणी जाब विचारू शकत नाही. कामं फिरती ठेवा, असं ती सांगते. आणि लगेच बजावते की इतक्या भराभरा फिरवू नका की माणसाला काम शिकायलाही वेळ मिळणार नाही. दुसरा भाग लोक विसरतात. म्हणून दार उघडायला तीन महिने ठीक, हिशेबाला तीन महिने म्हणजे पोरखेळ. हिशेबाला एक वर्ष दे, फार तर दोन. शेवटचा महिना जुना आणि नवा एकत्र बसतील असा ठेव. आणि सगळ्यांच्या तारखा एकाच दिवशी आणू नकोस, नाहीतर एका सभेत अख्खी कार्यकारिणी रिकामी होईल आणि मला शिव्या घालशील. दरवर्षी एक तृतीयांश माणसं उतरतील अशी आखणी कर.

जो उतरतो त्याला एक वही लिहून द्यायला लाव. प्लंबरचा नंबर, मीटर कुठे आहे, विम्याची तारीख, कोणता गट खुर्च्या न आवरता निघून जातो, सगळं. हे गोड बोलून होत नाही, मागे लागावं लागतं.

आता तुझा आक्षेप मला इथूनच ऐकू येतोय: तारीख आली आणि पुढचा माणूस मिळाला नाही तर?

तर ते काम थांबू दे. दारावर कागद लाव: ‘बुधवारी दार उघडायला माणूस नाही, म्हणून बुधवारी केंद्र बंद.’ खाली माफी मागू नकोस. तुला हे क्रूर वाटेल. बुधवारी येणाऱ्या वयस्कर बायकांनी काय करायचं, असं म्हणशील. म्हण. पण पडद्यामागे तू एकटी धावत राहिलीस तर त्या बायकांच्या मुला-सुनांना कळणार कसं की इथे माणूस कमी आहे? आमची वाचनाची खोली अशी सहा आठवडे बंद राहिली. सातव्या आठवड्यात दोन वाचक स्वतःहून आले, म्हणाले, आम्ही आळीपाळीनं बसतो. मुलांचा गाण्याचा वर्ग मात्र बंद पडला तो पडलाच. तो पुन्हा सुरू झाला नाही, आणि त्याची हळहळ मला अजून आहे. तू विचारशील म्हणून आधीच सांगते: हो, एवढी किंमत द्यावी लागते.

आणि हेही नीट कळू दे की हे सगळं शिकवणारी मी स्वतः अठरा वर्षं अध्यक्षपदावर बसले.

कुणी ‘आता पुरे’ असं सुचवलं की मी जेन ॲडम्सचं नाव पुढे करायचे. तिनं १८८९मध्ये एलन गेट्स स्टार या मैत्रिणीबरोबर शिकागोत हल हाउस सुरू केलं, लंडनचं टॉयनबी हॉल हे तसंच केंद्र पाहून आल्यावर. हल हाउस म्हणजे स्थलांतरित कामगारांच्या वस्तीतलं केंद्र. पाळणाघर, वर्ग, व्यायामशाळा, काय नव्हतं तिथे. १९३१मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं, आणि १९३५मध्ये मरेपर्यंत ती त्या घराची प्रमुख होती. शेहेचाळीस वर्षं! तिला कुणी मुदत विचारली होती का, असं मी म्हणायचे आणि समोरचा गप्प व्हायचा. पुढचं मी सांगत नसे. तिच्यानंतर आलेल्या पहिल्या दोन प्रमुखांची कारकीर्द मिळून दहा वर्षंही भरली नाही. संस्था पुढे बराच काळ चालली, पण जानेवारी २०१२मध्ये बंद पडली. तोवर तिचं बहुतेक उत्पन्न सरकारी पैशातून येत होतं, आणि तो झरा आटला तेव्हा हाताशी दुसरा नव्हता. म्हणजे एका माणसावर टेकू नये तसं एका दात्यावरही टेकू नये. पैशाबद्दल याहून जास्त मी सांगणार नाही, त्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढंच बघ: प्रत्येक अनुदानाच्या कागदावर मुदत असते आणि आपण ती मुकाट मान्य करतो. माणसाच्या कामाला मुदत घालायची वेळ आली की मात्र आपल्याला संकोच वाटतो, जणू प्रेमात हिशेब आणला.

मी अठरा वर्षं का थांबले, याला कारणं होती. एका वर्षी जागेच्या कराराचं नूतनीकरण अडलं होतं, आणि कागदपत्रांची खडान्‌खडा माहिती मलाच होती. एका वर्षी छत गळत होतं. एका वर्षी दोन गटांत इतकं भांडण लागलं की मी मधे नसते तर कोर्टकचेरी झाली असती. ही कारणं खोटी नव्हती, पोरी. आजही मला वाटतं की त्या कराराच्या वर्षी मी सोडलं असतं तर जागा हातची गेली असती. मी मुद्दाम धरून ठेवलं असं म्हणणारे आहेत. त्यांच्यातल्या एकानंही त्या वर्षी एक कागद हलवला नाही. पण हेही खरं की कागदपत्रांची माहिती मलाच होती, कारण ती मी दुसऱ्या कुणाला होऊच दिली नव्हती.

असो. विषय तुझा आहे.

सोडू का, असं विचारतेस. उद्या सोडू नकोस, रागाच्या भरात तर मुळीच नको; तुझीही पिशवी कडीला अडकलेली मला पाहायची नाही. पण थांब असंही मी म्हणणार नाही. पुढच्या सभेत उभी राहा आणि तुझ्याकडच्या कामांची यादी वाच. सगळी. मला खात्री आहे की दहाव्या कामाशी लोक चुळबुळ करायला लागतील. मग प्रत्येक कामापुढे एक तारीख वाच. सगळ्यात शेवटी तुझी स्वतःची. ती एक वर्षापलीकडची नको. आवाज कापला तर कापू दे. आणि तारीख इतिवृत्तात नोंदवून घे. तिथे काय नोंदवून घ्यावं हे मला उशिरा कळलं.

कुणीतरी म्हणेल, ‘तुझ्याशिवाय कोण?’ गोड वाटेल. त्या माणसाकडे बघ आणि त्याला बुधवार दे, तीन महिन्यांसाठी.

आणखी एक राहिलं. वरच्या मजल्यावरच्या सामानाच्या खोलीची किल्ली तुला दिली होती, तरी ती खोली उघडत नाही आणि कुलूप तोडावं लागणार, असं तू लिहिलंयस. तोडू नकोस. किल्ली अर्धीच आत घाल, दार डाव्या हातानं मुठीपाशी किंचित वर उचल, मग किल्ली पूर्ण आत जाते आणि फिरते. बिजागरी खचल्यापासून ते तसं आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तुझी,
मावशी