मुलीला ज्युनिअर बायथलॉनला घालावं का?

तुम्ही म्युनिकजवळ राहता, मुलगी १२ वर्षांची आहे आणि वर्गातल्या मैत्रिणीच्या नादाने बायथलॉनच्या (म्हणजे बर्फात स्कीवरून पळायचं आणि मधेमधे थांबून रायफलने नेम मारायचा, त्या खेळाच्या) क्लबात जायचं म्हणते. घालावं का, अभ्यासाचं काय होईल आणि 'पुढे याचा उपयोग काय' असं तुम्ही विचारलंय.

घाला. अभ्यासाचं खाली येईलच. तिसरा प्रश्न वाचून मात्र मी कणीक तशीच टाकून फोन हातात घेतला, कारण हाच प्रश्न, अगदी याच शब्दांत, मला कोल्हापुरातून आठ वर्षं विचारला जात होता. विचारणारे माझे थोरले दीर.

आधी वयाचं. १२ म्हणजे उशीर अजिबात नाही. छऱ्याची रायफल इथल्या कायद्याने बाराव्या वर्षापासूनच हातात मिळते, तीही आईबापांच्या लेखी संमतीने. .२२ ची स्मॉलबोअर चौदानंतर. त्याहून लहान पिल्लं लेझरवर खेळतात. आणि उशिरा आलेल्यांचं म्हणाल तर जर्मनीची डेनिस हेरमान २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या रिलेचं कांस्य घेऊन बसली होती, २०१६ ला बायथलॉनकडे वळली आणि २०२२ ला बीजिंगमध्ये १५ किलोमीटरचं सुवर्ण घेऊन गेली. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. स्कीइंग पक्कं असेल तर नेम नंतर शिकता येतो. उलटं फारसं जमत नाही, असं आमच्या ट्रेनरचं मत.

संमतीच्या कागदावर नवऱ्याने सही करून तो माझ्यापुढे सरकवला तेव्हा माझा हात अडला होता. माझ्या माहेरी बंदूक म्हणजे जत्रेतले फुगे. इथे तर मुलगी ती पाठीला लावून जंगलातून पळणार. सही केली, पण त्या रात्री झोप नाही. पुढे लक्षात आलं की हत्यार हाताळायची शिस्त या पोरांइतकी मोठ्या माणसांतही नसते. नळी कुठे वळलीय यावरून ट्रेनर लोक असं फाडून खातात की काय सांगू.

रायफल क्लबच्या तिजोरीत राहायची. घरी आमची लेक मॉपचा दांडा खांद्याला लावायची आणि फ्रिजच्या शेजारच्या भिंतीवर नेम धरायची. भिंतीवर टिकली, माझ्याच पाकिटातली. हिशोब मी करून दिला होता: खरी चकती ५० मीटरवर, उभ्याने मारायची ११५ मिलिमीटरची, पडून मारायची ४५ ची. आमच्या स्वयंपाकघरात चार मीटर मिळतात. म्हणजे उभ्यासाठी नऊ मिलिमीटरची मोठी टिकली आणि पडून मारायला साडेतीन मिलिमीटरची बारीक. तीन मजले जिना पळत वर यायची, दारातच चपला भिरकवायची, दांडा उचलायची, दोन श्वास, तिसरा अर्धा सोडून थांबायची. तोंडाने 'टक'. असे पाच टक. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी एकदा येऊन विचारलं होतं की सगळं ठीक आहे ना. (मी गणितात एमएस्सी आहे. हे पुढे लागणार आहे.)

आता आर्बरचा किस्सा. तो सांगितल्याशिवाय माझं उत्तर पुरं होत नाही.

ती सतराची होती. डोइचलांडपोकाल, म्हणजे इथली राष्ट्रीय पातळीवरची युवा-ज्युनिअर स्पर्धांची मालिका. ग्रोसर आर्बरचं स्टेडियम आमच्यापासून गाडीने तीन तास, जवळजवळ चेक सरहद्दीला. मुलींची ६ किलोमीटरची स्प्रिंट. पहिला नेम पडून, पाचपैकी पाच. मी कठड्याला धरून उभी, थर्मासमधला चहा केव्हाच गार. दुसरी फेरी करून ती आली, रायफल पाठीवरून काढली, उभी राहिली. घाई नाही, गडबड नाही. टक, टक, टक, टक, टक. पाचही चकत्या पांढऱ्या (गोळी लागली की काळी चकती पांढरी होते). इतकी सुंदर नेमबाजी मी तिची आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

फक्त त्या चकत्या तिच्या नव्हत्या. ती उभी होती १४ नंबरच्या मॅटवर आणि मारत होती १५ वर. पंधरावर त्या वेळी कुणी नव्हतं, त्यामुळे अडवायलाही कुणी नव्हतं.

दुसऱ्याच्या चकतीवर लागलेलं धरत नाहीत. तिच्या स्वतःच्या पाचही काळ्या. ट्रेनर दुर्बिणीमागून ओरडला, "फ्युन्फ!" म्हणजे पाच. तिला वाटलं, पाच लागल्या. ती खुशीत निघाली. मग तिने मान वळवून पाहिलं तर तो हवेत बोटाने गोल गोल फिरवतोय. पेनल्टी लूपच्या, म्हणजे हुकलेल्या प्रत्येक गोळीमागे एक जादा फेरी मारायच्या वळणाच्या, तोंडाशी ती क्षणभर थांबली. त्या क्षणी तिचं तोंड जसं झालं होतं ते मी लिहू शकत नाही. मग आत वळली. १५० मीटरची एक, अशा पाच फेऱ्या. त्यातली एक जरी राहिली तर दोन मिनिटांचा दंड, आणि मोजायच्या स्वतःच.

इथे मी मोजू लागले. मोठ्याने. आजूबाजूला सगळे जर्मनमध्ये ओरडतायत, घंटा वाजवतायत, आणि त्या सगळ्यातून मराठी आवाज फक्त माझा. दुसरी पोरगी मधे आली, माझी गफलत झाली. ती पाचवी संपवून बाहेर पडायच्या बेतात होती आणि मी जीव तोडून ओरडले, "अजून एक! अजून एक राहिली!"

तिने ऐकलं. सहावी मारली.

जास्तीच्या फेरीची भरपाई कुठल्याच नियमात नाही. पंचवीस-तीस सेकंद पाण्यात. शेवटून तिसरी आली. ट्रेनरने मला बाजूला घेऊन अत्यंत सभ्य जर्मनमध्ये सांगितलं की पुढच्या वेळी मी कॅफेटेरियात बसले तर बरं. परतीच्या वाटेवर तासभर गाडीत कुणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "आई, तू एमएस्सी कशात आहेस गं?" आणि आम्ही तिघंही इतके हसलो की नवऱ्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. धपाटे होते डब्यात, ते तिथेच बर्फात उभं राहून खाल्ले.

संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर दिरांचा मेसेज. त्यांनी निकाल ऑनलाइन शोधला होता. तिच्या नावापुढे ०+५ लिहिलेलं. "पडून एक बी नाही, पर उभ्यानं पाचच्या पाच! शाब्बास वाघिणी!" बायथलॉनच्या निकालात लागलेल्यांचा आकडा नसतो, हुकलेल्यांचा असतो. ते मला समजावून सांगावं लागलं. अर्धा तास शांतता, आणि मग: "मग एवढा खर्च कशासाठी करताय?"

हे मी विसरले असते. पण अठराव्या वर्षी तिने खेळ सोडला आणि त्यानंतर काही काळाने, १ ऑगस्ट २०२४ ला, स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य घेतलं. राधानगरीकडच्या कांबळवाडीचा मुलगा. आख्खा जिल्हा नाचला, इथे मीही रडले. आणि फोनवर भावजी: "बघा वैनी, अंतर तेवढंच, ५० मीटर. आपल्या पोरानं मेडल आणलं. तुमची चकती तर थाळीएवढी आणि तरी सोडून दिलं."

त्या दिवशी सणाचं वातावरण म्हणून गप्प बसले. आज लिहिते. स्वप्नीलचा दहा गुणांचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो, ते कौशल्य वेगळं आणि अफाट. पण तो कडक कॅनव्हासचं जाकीट घालून, नाडी खाली आणून, हॉलच्या शांततेची सवय असल्यासारखा मारतो. इथे पोरं दोन किलोमीटर चढउतार करून येतात, छातीत १७०-१८० ठोके, नाकातलं पाणी ओठावर गोठलेलं, पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल वागवलेली, आणि पाच गोळ्यांना मिळून अर्धं-पाऊण मिनिट. दोन्हींत अंतर ५० मीटर आहे म्हणून तुलना करणं म्हणजे कुस्तीही मातीत आणि शेतीही मातीत म्हणण्यासारखं आहे. आणि नुसत्या नेमबाजीतसुद्धा बघा: अथेन्स ऑलिंपिकला २००४ मध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या गोळीपर्यंत सुवर्णाच्या जागेवर होता आणि ती गोळी त्याने शेजारच्या लेनवर मारली. थेट आठव्या नंबरवर गेला. तो काय बिनकामाचा होता?

आणि 'सोडून दिलं' हे असं बोलतात जसं काही पोरीने चोरी केली. तिला कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, कंटाळा आला. आर्बरमुळे नाही, दुखापत नाही, मार्क नाहीत. कंटाळा. भावजींना हे कारणच वाटत नाही. मला वाटतं. इथली बायथलॉनपटू माग्दालेना नॉयनर, तिने २०१२ मध्ये पंचविसाव्या वर्षी सोडलं, व्हँकुव्हरची दोन ऑलिंपिक सुवर्णं घरात असताना, त्या मोसमाचा वर्ल्ड कप जिंकून. तशीच लाउरा डालमायर २०१९ मध्ये, तीही पंचविसाव्या वर्षी. पुढे ती डोंगरांकडे गेली आणि २०२५ च्या जुलैत काराकोरममध्ये अपघातात गेली, तिथेच राहिली, बिचारी. या दोघींना इथे कुणी 'मग एवढा खर्च कशासाठी' विचारलं नाही. आमच्या लेकीकडे पदक नाही म्हणून तिने कंटाळायचंही नाही?

असो. तुमचा प्रश्न.

अभ्यास होतो. खेळाच्या निवासी शाळा आहेत, बेर्खटेसगाडेनला, ओबर्स्टडोर्फला, ओबरहोफला, पण तेराव्या-चौदाव्या वर्षी त्यासाठी घाई करू नका. आमची नेहमीच्याच गिम्नाझियममध्ये, म्हणजे इथल्या साध्या शाळेत, राहिली, आबिटूर (आपल्या बारावीसारखी परीक्षा) रीतसर झालं. फिजिक्सचा अर्धा पोर्शन गाडीच्या मागच्या सीटवर झालाय. खरा ताण पोरांपेक्षा आईबापांना: शनिवार-रविवार तुमचे राहत नाहीत. म्युनिककरांना तर आठवड्यातून किती वेळा डोंगराकडे गाडी हाकायची, याचा हिशोब आधी करा. मला विचाराल तर अर्ध्याअधिक मुली खेळामुळे नाही, आईबाप थकल्यामुळे गळतात.

खर्च वाटतो तितका नाही. रायफल क्लब देतो. स्वतःची घ्यायची झाली तर चार आकडी युरो, पण ते फार पुढे. स्की, बूट, काठ्या जुन्या घ्या, पोरांचे पाय दरवर्षी वाढतात आणि क्लबात सगळेच एकमेकांना विकत असतात. पहिल्या चार वर्षांत आम्ही कोरी करकरीत वस्तू घेतली ती फक्त हातमोजे. पातळ घ्या, ट्रिगरचं बोट हललं पाहिजे.

उपयोग: इथे वरच्या फळीतल्या बऱ्याच जणी कस्टम्समध्ये, लष्करात नाहीतर पोलिसात नोकरीला असतात. नॉयनर आणि डालमायर दोघी कस्टम्सच्या. आपला स्वप्नील पदक मिळालं तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, तसंच समजा. पण तिथवर शंभरातली एखादी पोचते. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: मुलीकडे भारतीय पासपोर्ट असेल तर क्लबच्या स्पर्धांना अडचण नाही, पण जर्मनीकडून आंतरराष्ट्रीय खेळायला जर्मन नागरिकत्व लागतं. आमच्या क्लबात एका तुर्की मुलाला हे सोळाव्या वर्षी कळलं. तुम्ही आत्ताच विचारून ठेवा.

भारतात किंमत विचाराल तर आपल्याकडे लोक याला बायॅथल समजतात, ते पळणं-पोहणं-पळणं. सासूबाई अजूनही विचारतात की बर्फात पोहतात कशा.

मी ट्रेनर नाही, हे एका घराचं आणि एका क्लबाचं सांगितलंय, तेही बव्हेरियातलं. ब्लॅक फॉरेस्टकडे किंवा नॉर्वेत वेगळं असेल. शिवाय आमची लेक ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या आसपासही गेली नव्हती, तेव्हा तिथली गणितं मला विचारू नका. गणितं तर मुळीच विचारू नका.

भिंतीवरच्या त्या दोन टिकल्या अजून आहेत. रंग देताना नवरा काढणार होता, मी नको म्हटलं.

भावजी इथे वाचत असतात, मला माहीत आहे. तर भावजी, त्या ०+५ बद्दल तुम्ही शाब्बास म्हणालात तेच बरोबर होतं. पाचही लागल्या होत्या. पंधरा नंबरला जाऊन विचारा.